मैदान राहिले तर खेळाडू होतील



अब्बास मुंतसीर हे मुंबईतल्या नागपाड्याचे बास्केटबॉलपटू. त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. ते भारताचे कर्णधारही झाले. नागपाडा भायखळा स्टेशनच्या जवळ आहे. आपल्या कल्याणहून तिथे थेट लोकल जाते. तिथे घरे लहान आणि गर्दी फार. तरी पोरांनी खेळाची जागा सोडली नाही. तिथे आजही बास्केटबॉल खेळतात. मला वाटते, पुरस्कार एकालाच मिळतो, मैदान मात्र सगळ्यांना मिळते.

आपल्या मैदानावर काय आहे? खडीचे ढीग! लग्नाचा मांडव पडला की आठ दिवस खेळ बंद. मोठी माणसे म्हणतात, "जागा रिकामीच तर आहे." ती रिकामी नाही, ती आमच्या खेळाची आहे.

हा खेळ १८९१ साली अमेरिकेत नेस्मिथ नावाच्या शिक्षकांनी फळांच्या टोपल्या टांगून सुरू केला. म्हणजे महाग सामान लागतेच असे नाही. दहा फुटांवर लोखंडी कडे आणि खाली मोकळी जमीन, एवढे पुरे. मग मुलीही खेळतील.

पालकांनो, तेवढी खडी उचला. झाडलोट आम्ही करू.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी