रेसिडेंटाची संहिता

उदगीरच्या रणात १७६० मध्ये मराठ्यांकडून पराभूत झालेला निजामअली १७९८ मध्ये इंग्रजांच्या तैनाती फौजेला बांधला गेला. विजेत्यांचा पेशवाही १८०२ मध्ये वसईच्या तहाने त्याच वाटेने गेला. जेता आणि जित या दोन्ही दरबारांचा अखेरचा वाचक रेसिडेंट ठरला. मराठी समीक्षेने या वाचकाची चिकित्सा मात्र क्वचितच केली.

साताऱ्याचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. १८१८ ते १८२२ या काळात जेम्स ग्रँट डफ तेथे कंपनीचा राजकीय प्रतिनिधी होता. १८१९ च्या तहाने छत्रपती प्रतापसिंहांवर परराज्यांशी परस्पर पत्रव्यवहार न करण्याचे बंधन आले. त्याच सुमारास दरबारची दप्तरे डफला खुली झाली. त्यांतून १८२६ चा मराठ्यांचा इतिहास सिद्ध झाला. १८३९ मध्ये प्रतापसिंह पदच्युत झाले, तेव्हा त्यांच्यावरील आरोपांत गोव्याच्या पोर्तुगीजांशी गुप्त पत्रव्यवहार हाही होता. एकाने सर्वांची पत्रे वाचावीत आणि दुसऱ्याने स्वतःचे पत्रही लिहू नये, या विषमतेवर ही संहिता उभी आहे.

नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी डफच्या उणिवा दाखविल्या, राजवाड्यांनी साधनांचा डोंगर रचला. हे कार्य थोरच. परंतु वाद मुख्यतः तपशिलाच्या खरेखोटेपणाभोवती फिरत राहिला. निवेदक कोठे उभा आहे, हा प्रश्न मागे पडला. डफने साधने आस्थेने जमविली, हा त्याच्या बाजूचा युक्तिवाद खोटा नाही. पण अपुरा आहे. आस्था ही व्यक्तीची असते, दप्तर उघडण्याचा अधिकार सत्तेचा असतो.

मराठवाड्यालाही हा प्रश्न परका नाही. १८५३ नंतर नळदुर्गाचा कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलरने १८६३ मध्ये तुळजापूरची ‘तारा’ कादंबरीत आणली. तिच्यातील स्थानिक रंगाचे कौतुक करताना, तो रंग कारभाऱ्याच्या नजरेतून उतरला आहे, हे विसरून कसे चालेल?

देशीवादाचा नुसता घोष येथे कामाचा नाही. प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनमध्ये झगडत राहिले. त्यांच्या अर्जविनंत्या इतिहासाच्या साधनांत जमा झाल्या. गद्य म्हणून त्या वाचण्याची तसदी समीक्षेने घेतली नाही. देखरेख करणाऱ्याचे लेखन वाङ्मय आणि देखरेखीखालच्याचे लेखन केवळ कागदपत्र, ही वर्गवारी जोवर टिकून आहे, तोवर रेसिडेन्सी उठली असे म्हणता येणार नाही.