पिशवी काढायला होकार देण्याआधी

नशिराबादच्या आणि आसपासच्या गावांतल्या मायबहिणींनो, पाळीत अंगावरून जास्त जातं हे आपण वर्षानुवर्षं सोसतो. कापसाची वेचणी उरकू दे, पोरीचं लग्न होऊ दे, आखाजीला लेकी येऊन जाऊ दे, मग बघू. एक दिवस चक्कर येते, सोनोग्राफी होते, गर्भाशयात गाठ निघते आणि त्याच आठवड्यात पिशवी काढायचं ठरतं. इतकी वर्षं थांबलेल्या बाईला तेव्हा चार प्रश्न विचारायलाही कोणी वेळ देत नाही. तो वेळ तुम्ही मागून घ्या.

ही गाठ म्हणजे फायब्रॉइड. गर्भाशयाच्या स्नायूंचीच ती वाढ असते. ती कॅन्सरची निघणं फार क्वचित घडतं. पाळी चालू असते तोवर हार्मोन्सवर ती वाढते, पाळी गेली की बहुधा आकसते. पन्नाशीपर्यंत बहुतेक बायकांना अशी एखादी तरी गाठ झालेली असते आणि कित्येकींना आयुष्यभर तिचा पत्ता लागत नाही. त्यामुळे रिपोर्टात ‘चार सेंटिमीटर’ वाचून जीव घाबरा करू नका. गाठ केवढी यापेक्षा ती कुठे आहे हे आधी विचारा. आतल्या अस्तरात शिरलेली लहानशी गाठही भरपूर रक्त घालवते, दिवस राहू देत नाही. बाहेरच्या अंगाची मोठी गाठ कधी कधी काहीच त्रास देत नाही, किंवा नुसती सारखी लघवीला लावते.

त्रास नसेल, तर अधूनमधून तपासणी पुरते. ऑपरेशन लागत नाही.

खरा घात होतो तो रक्त कमी होऊन. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. त्यात दर महिन्याला रक्ताच्या गुठळ्या पडत असतील, पाळी सात दिवसांच्या पुढे जात असेल, तासा-दोन तासाला पॅड किंवा कापड बदलावं लागत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. 12 च्या खाली रक्तक्षय, 8 च्या खाली तर गंभीर. लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. शौचाचा रंग काळा होतो, त्याला भिऊन गोळ्या सोडू नका. रक्त वाढल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने त्या चालू ठेवायच्या असतात.

पिशवी न काढताही उपाय असतात. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. गाठींमुळे पिशवीचा आतला आकार फार बदललेला नसेल तर हार्मोनची तांबी बसवता येते, ती काही वर्षं काम करते. आतली गाठ दुर्बिणीने, पोटावर टाका न घालता काढता येते. मूल हवं असेल तर नुसती गाठ काढून पिशवी राखता येते, मात्र पुढे नवी गाठ होऊ शकते. गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपायही मोठ्या रुग्णालयांत होतो. हे सगळं करून भागत नसेल, गाठी पुष्कळ असतील, मुलं झालेली असतील, तर पिशवी काढणं हा योग्य उपाय आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. नीट विचारून ठरवा, एवढंच.

हे बजावायला कारण आहे. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये ऊसतोड करणाऱ्या 82 हजारांवर बायकांची पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. कॅन्सरची भीती घातली की बाई लगेच सही करते. अनावश्यक पिशवी-ऑपरेशनं थांबवण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सगळ्या राज्यांना दिले. तुमचं वय चाळिशीच्या आत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. पिशवीबरोबर अंडाशयही काढणार का, हे सहीआधीच विचारा. अंडाशयं लहान वयात गेली तर अंगाची भगभग, हाडांची झीज आणि हृदयाचे विकार लवकर गाठतात. दुसऱ्या मतासाठी जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आपल्यापासून जवळच आहे. जुने रिपोर्ट सोबत न्या.

पाळी थांबून वर्ष झाल्यावर थेंबभरही रक्त दिसलं, किंवा तासाला एक पॅड भिजतोय, चक्कर येतेय, धाप लागतेय, तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि घरच्या पुरुषांनो, सासूबाईंनो, ती दमते, चिडते, जिना चढताना थांबते, तेव्हा कामचुकार म्हणू नका. तिचं हिमोग्लोबिन किती आहे ते विचारा, आणि दवाखान्यात तिच्यासोबत जा.