मुंगळ्याचा मेंदू शाबूत आहे

‘द लास्ट ऑफ अस’ ही मालिका आल्यापासून (आणि गेम खेळणाऱ्यांना तर २०१३ पासूनच) एक वाक्य आपल्या तरुण मंडळींच्या तोंडी पक्कं बसलं आहे: ‘ती बुरशी मेंदूचा ताबा घेते.’ मालिकेत ती माणसाचा ताबा घेते, प्रत्यक्षात मुंगीचा. बुरशी खरी आहे, तिचं नाव ऑफिओकॉर्डिसेप्स. पण ‘मेंदूचा ताबा’ हे प्रकरण जरा तपासून पाहण्यासारखं आहे.

आधी जंगलात काय घडतं ते पाहू. ही बुरशी ज्यांना लागते त्या मुंग्या आपल्या ओळखीच्या आहेत. गुळाच्या डब्याला लागणारा काळा मुंगळा त्यांच्याच जातकुळीतला. बुरशीचा बीजाणू मुंगळ्याच्या अंगावर पडतो, त्याचं कवच भेदून आत शिरतो आणि आतल्या आत वाढत राहतो. काही दिवसांनी मुंगळा आपली वाट सोडून भरकटतो, एखाद्या पानाच्या खालच्या बाजूची शीर जबड्यात घट्ट धरतो आणि तसाच मरतो. मग त्याच्या डोक्यामागून बुरशीचा देठ बाहेर येतो आणि खालच्या जमिनीवर नवे बीजाणू पडू लागतात.

थायलंडच्या जंगलातल्या अशा मुंगळ्यांवरचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हे मुंगळे एरवी उंच झाडांच्या शेंड्यांवर राहणारे. मेलेले मात्र जमिनीपासून साधारण २५ सेंटिमीटरवर, बहुतेक रोपाच्या उत्तरेकडच्या पानांखाली सापडले. तिथे हवेत भरपूर ओलावा होता आणि तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान. संशोधकांनी काही मेलेले मुंगळे तिथून उचलून दुसरीकडे ठेवून पाहिले, तर बुरशी नीट वाढेना. म्हणजे मरणाची ती जागा बुरशीच्या सोयीची होती. पुढे २०११ मध्ये असंही दिसलं की पानाला चावण्याची वेळ बहुधा भर दुपारची असते.

इतकं नेमकं वागणं घडवून आणायचं तर बुरशी मेंदूतच जाऊन बसली असणार, असं कोणालाही वाटेल. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या डेव्हिड ह्यूज यांच्या गटाने ते प्रत्यक्ष पाहायचं ठरवलं. त्यांनी पानाला चावण्याच्या अवस्थेतले मुंगळे घेतले, त्यांच्या शरीराचे अतिशय पातळ काप केले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने एकेका कापाची प्रतिमा घेतली. प्रतिमांचा ढीग साचला. यातली कोणती पेशी मुंगळ्याची आणि कोणती बुरशीची, हे एकेक करून डोळ्यांनी ठरवणं अशक्यच. इथे माझ्या धंद्यातली गोष्ट कामाला आली. काही प्रतिमांवर माणसांनी हाताने खुणा केल्या, त्यावरून डीप लर्निंगचं मॉडेल शिकवलं आणि उरलेलं काम संगणकाने केलं. मग सगळे काप एकावर एक रचून त्रिमितीय चित्र उभं केलं.

२०१७ मध्ये निकाल जाहीर झाला. बुरशी डोक्यात होती, छातीत होती, पोटात होती, पायांतही होती. तिच्या पेशी एकमेकींना जोडलेल्या होत्या आणि स्नायूंच्या धाग्यांभोवती त्यांचं जाळं विणलेलं होतं. मेंदूत मात्र एकही पेशी नव्हती. अगदी मेंदूच्या लगत येऊन ती थांबली होती.

तुलनेसाठी त्यांनी बिव्हेरिया बॅसियाना ही दुसरी बुरशीही तपासली. शेतीशी संबंध असलेल्या घरांत हे नाव माहीत असेल, कारण जैविक कीडनाशक म्हणून ती कृषी सेवा केंद्रात मिळते. बिव्हेरिया कितीतरी प्रकारच्या किडींना लागते आणि त्यांना मारते, पण त्यांना पानापर्यंत चालवत नेत नाही. तो खेळ ऑफिओकॉर्डिसेप्सचा, आणि तोही ठरावीक मुंग्यांपुरताच.

मग मेंदूचा संबंधच नाही का? तसंही नाही. २०१४ च्या एका प्रयोगात ही बुरशी वेगवेगळ्या जातींच्या मुंग्यांच्या मेंदूंशेजारी वाढवली होती. शेजारचा मेंदू बदलला तशी तिने सोडलेली रसायनंही बदलली. म्हणजे मेंदूवर ती दुरून रसायनांचा मारा करत असावी आणि स्नायूंना थेट घेरत असावी. मुंगळा आतून ‘बुरशी’ होत नाही. मेंदू त्याचाच राहतो, पाय आणि जबडा मात्र त्याच्या ऐकण्यात राहत नाहीत. मला तर हे मालिकेतल्या गोष्टीपेक्षा जास्त अंगावर काटा आणणारं वाटतं.

आता घाबरायचं का? या बुरशीला तरी नको. एका जातीच्या मुंगीवर जमलेला खेळ तिला दुसऱ्या जातीवरसुद्धा धड जमत नाही. शिवाय आपलं ३७ अंशांचं शरीर बहुतेक बुरशींना मानवतच नाही.

बहुतेक म्हटलं, सगळ्यांना नाही. २०२१ ची म्युकरमायकोसिसची साथ आपल्यापैकी अनेक घरांना आठवत असेल. अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक शहरभर वणवण करत होते. त्या बुरशीने कोणाच्या मनाचा ताबा घेतला नव्हता. आटोक्यात नसलेला मधुमेह, कोविड आणि स्टेरॉइड यांनी शरीराची राखण ढिली केली होती, तेवढं तिला पुरलं. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने माणसाला धोकादायक असलेल्या १९ बुरशींची यादी पहिल्यांदा जाहीर केली. मुंगळ्याची बुरशी त्या यादीत नाही. म्युकर गटातल्या बुरशी आहेत.

तेव्हा मालिका जरूर बघा, मजा येते. पण घरात कोणाला मधुमेह असेल तर त्यांची साखर वेळच्या वेळी तपासली जाते ना, तेही बघा. पुढच्या महिन्यात भेटूच.