अमेरिकेचे साम्राज्य आणि आमचा अभ्यास

मे २०२५ मधील आंब्यांचे प्रकरण आमच्या व्यापारी वाचकांच्या स्मरणात असेलच. नेरूळहून लोहमार्गाने तिसरे स्थानक जे वाशी, तेथील पणन मंडळाच्या विकिरण केंद्रात प्रक्रिया होऊन विमानाने अमेरिकेस गेलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को व अटलांटा येथील विमानतळांवर अडविण्यात आल्या. कारण काय, तर कागदपत्रांतील दोष! ज्या केंद्रात हे कागद तयार होतात तेथे अमेरिकेच्या कृषिखात्याचा अधिकारी जातीने हजर असतो, त्याच्या देखरेखीवाचून माल हलत नाही, आणि तरी दोषाचे प्रायश्चित्त मात्र निर्यातदाराने घ्यावयाचे. माल स्वखर्चाने परत न्या किंवा येथेच नष्ट करा, एवढाच पर्याय व्यापाऱ्यांपुढे ठेवण्यात आला. नाशवंत फळ पुन्हा विमानाने आणण्यात शहाणपण नव्हते; आंबा तिकडेच नष्ट झाला.

अशा वेळी ‘ही अमेरिकेची साम्राज्यशाही’ हे शब्द तोंडी येणे स्वाभाविक आहे. परंतु आम्ही पडलो वकिलीच्या धंद्यातले. आरोपपत्रात जे कलम लावावयाचे त्याची व्याख्या आधी पाहण्याची आम्हांस खोड आहे. परक्या फळाबरोबर परकी कीड येऊ नये म्हणून तपासणी करणे हा हरएक स्वतंत्र राष्ट्राचा हक्क आहे. आम्हीही तो बजावतो. तो हक्क बजावताना अरेरावी झाली असेल, अन्याय झाला असेल, पण अन्याय आणि साम्राज्य ह्या दोन वस्तू एक नव्हेत. साम्राज्य कशास म्हणावे? ज्या निर्णयात आम्हांस तोंड उघडण्याचा अधिकार नाही, ज्यावर दाद मागावयास न्यायासन नाही, आणि ज्याचा बोजा मात्र पिढ्यानपिढ्या आमच्या शिरावर राहावयाचा, असे निर्णय जेथे एक राष्ट्र दुसऱ्यासाठी घेऊ लागते तेथे साम्राज्य सुरू होते. मग ध्वज कोणाचाही फडको.

योगायोग असा की, अमेरिकेच्या साम्राज्याचा कायदाही एका फळाच्याच खटल्यातून जन्मास आला. १८९८ साली स्पेनशी युद्ध करून अमेरिकेने क्यूबावर अंमल बसविला, पोर्तो रिको व ग्वाम ही बेटे घेतली, आणि फिलिपाइन्स दोन कोटी डॉलर मोजून पदरात पाडून घेतले. पुढे पोर्तो रिकोची संत्री न्यू यॉर्क बंदरात उतरली तेव्हा जकात अधिकाऱ्याने त्यांवर जकात मागितली. डाऊन्स नावाच्या व्यापाऱ्याचा सवाल सरळ होता: बेट अमेरिकेचे झाले, तर देशातल्या देशात माल नेताना जकात कसली? १९०१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निवाडा दिला. त्याचा मथितार्थ असा की, पोर्तो रिको अमेरिकेच्या मालकीचे खरे, पण अमेरिकेचा भाग नव्हे. राज्यघटनेचे सारेच संरक्षण तेथवर आपोआप पोहोचत नाही. मालकी आमची, हक्क मात्र तुमचे नाहीत! व्हाइसरॉयच्या कारभारात वाढलेल्या आमच्या आजोबांस हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज पडली नसती. फिलिपाइन्समध्ये तर लोकांनी शस्त्र हाती घेतले आणि ते बंड मोडण्यास १८९९ पासून तीन वर्षे रक्त सांडावे लागले. त्या देशास स्वातंत्र्य मिळाले १९४६ साली. पोर्तो रिको आजही अमेरिकेच्या मालकीचेच आहे.

हे सांगताना दुसरी बाजू दडवून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो कोणास? निग्रो गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस. ती अर्पणपत्रिका भाबडेपणाची नव्हती. त्या लोकांनी आपसांत चार वर्षे लढून ते काम खरोखर केले होते. मुंबई इलाख्यातील मुलींच्या शाळांच्या इतिहासात अमेरिकन मिशनचे नाव आदराने घ्यावे लागते. १९१३ ते १९१६ ह्या काळात बाबासाहेब आंबेडकर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि त्या विद्येचे ऋण त्यांनी पुढे मोकळ्या मनाने मान्य केले. पण त्याच वर्षांत, १९१४ साली अमेरिकेचे नौसैनिक मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ बंदरात उतरले आणि १९१५ साली हैतीत. हैतीतून ते १९३४ पर्यंत निघाले नाहीत. एकाच घराच्या दिवाणखान्यात विद्यादान चालावे आणि परसदारी शेजाऱ्याचे कुंपण सरकवावे, असा हा प्रकार आहे. जो फक्त दिवाणखाना पाहतो तो भक्त होतो, जो फक्त परसदार पाहतो तो शत्रू होतो, आणि अभ्यासक दोहोंपैकी एकालाही होता येत नाही.

अमेरिकेतच असे अभ्यासक झाले, ही त्या राष्ट्राची थोरवी. मार्क ट्वेन हा विनोदी लेखक १८९६ च्या जानेवारीत मुंबईस येऊन वॉटसनच्या हॉटेलात उतरला होता. ब्रिटिशांचे राज्य कसे चालते हे त्याने डोळ्यांनी पाहिले. पुढे पाच वर्षांतच तो आपल्या देशातील साम्राज्यविरोधी संघाचा उपाध्यक्ष झाला आणि फिलिपाइन्सच्या स्वारीवर त्याने आपली धारदार लेखणी चालविली. १९५९ साली विल्यम ॲपलमन विल्यम्स ह्या इतिहासकाराने असे प्रतिपादन केले की, अमेरिकेचे साम्राज्य प्रदेशांपेक्षा बाजारपेठांसाठी आहे. परक्यांची दारे आपल्या मालासाठी उघडी ठेवणे हेच त्याचे सूत्र. २०१९ साली डॅनियल इमरवार ह्यांनी, लपवून ठेवलेल्या बेटांचा व लष्करी तळांचा हिशेब एका ग्रंथात मांडला. म्हणजे अमेरिकेवरचे आरोपपत्र लिहिले अमेरिकनांनीच.

आता आपल्या अंगणात येऊ. ज्यास ह्या साम्राज्याची नवी रीत पाहावयाची असेल त्याने फिलिपाइन्सला जाण्याचे कारण नाही. गुहागर तालुक्यातील अंजनवेल व वेलदूर गाठावे. जून १९९२ मध्ये एन्रॉन कंपनीचे लोक आले आणि त्याच महिन्याच्या २० तारखेस राज्य विद्युत मंडळाशी त्यांचा समजुतीचा करारनामा झालादेखील! आमच्याकडे दुकानाचा गाळा भाड्याने द्यावयाचा तरी याहून अधिक दिवस विचार चालतो. ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदीचा करार झाला. वीज घ्या अथवा न घ्या, स्थिर आकार दिलाच पाहिजे. रक्कम डॉलरशी निगडित. राज्य सरकारची हमी, तिच्यावर केंद्र सरकारची प्रतिहमी. आणि तंटा पडल्यास लवाद लंडनमध्ये. हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून त्यास कर्ज देण्याचे १९९३ साली जागतिक बँकेने नाकारले, हेही येथे नमूद करावयास हवे. कारण ती बँक काही अमेरिकेची वैरीण नव्हे.

मुंडे समितीच्या अहवालानंतर ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्द झाला. पण त्याआधी जूनमध्येच अमेरिकेच्या ऊर्जाखात्याने उघड इशारा देऊन ठेवला होता की, हा करार मोडल्यास भारतातील इतर प्रकल्पांवर परिणाम होईल. मग वाटाघाटी झाल्या आणि ज्यांनी करार मोडला त्यांनीच तो अधिक मोठा करून पुन्हा केला. केंद्रात मे १९९६ मध्ये तेरा दिवस टिकलेल्या सरकारने जाता जाता प्रतिहमीस मंजुरी दिली. कर्ज व विमा ह्यांसाठी अमेरिकेच्या सरकारी संस्था पाठीशी होत्याच. १९९४ ते १९९७ पर्यंत दिल्लीत अमेरिकेचे राजदूत असलेले फ्रँक विझनर पदावरून उतरल्यावर त्याच वर्षी एन्रॉनच्या एका उपकंपनीच्या संचालक मंडळावर जाऊन बसले. ह्यात बेकायदेशीर काही नव्हते. तेच तर सांगावयाचे आहे. गुहागरचे मच्छीमार, शेतकरी व त्यांच्या बायका १९९७ साली विरोधास उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्यावर लाठ्या चालल्या त्या आमच्याच पोलिसांच्या.

मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिचा दर युनिटमागे सात रुपयांच्या वर गेला आणि मंडळाची कंबर मोडली. २००१ साली करार मोडला, यंत्रे बंद पडली, जूनमध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षांनी हा विषय सोनिया गांधी ह्यांच्यापाशी काढला, आणि डिसेंबरात एन्रॉनचेच दिवाळे निघाले! गोडबोले समितीने त्याच वर्षी ठपका ठेवला तो केवळ कंपनीवर नव्हे. केंद्रातील व राज्यातील एकामागून एक आलेल्या सरकारांच्या कारभारावर. ज्या पुराव्याचा वाचकांनी विचार करावा तो हा. आज पारतंत्र्याचा दस्तऐवज आमच्याच भाषणस्वातंत्र्याच्या काळात, आमच्याच मंत्र्यांच्या व अधिकाऱ्यांच्या सहीने होतो. क्लाइव्हला फितुरीची गरज पडली. येथे मुद्रांक व साक्षीदार पुरले.

ह्या लढ्यात खरे शस्त्र कोणते ठरले? सभा झाल्या, मोर्चे निघाले, त्यांचे मोल आहेच. परंतु पुण्याच्या ‘प्रयास’ गटातील गिरीश संत व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९५ सालीच कराराचे गणित मांडून त्यातील धोका दाखवून दिला, तेव्हा विरोधास पाया मिळाला. मूठभर अभियंते, आकडेमोडीची चिकाटी आणि करारनाम्याचे बारीक वाचन. असा अभ्यास १९९२ च्या जूनमध्ये, सहीच्या आधी, कोणी केला असता तर?

अभ्यासाच्या बाबतीत आमचा हिशेब मात्र लाजिरवाणा आहे. १९५६ पासून अमेरिकेचा गहू ‘पी. एल. ४८०’ च्या कायद्याखाली येऊ लागला. त्याची किंमत रुपयांत जमा होई. त्या रुपयांतून काय काय झाले? इतर गोष्टींबरोबर १९६२ पासून अमेरिकेच्या काँग्रेस-ग्रंथालयाने आमची पुस्तके विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांस पाठविण्यास आरंभ केला. त्यांत मराठी पुस्तकेही होती. आम्ही गहू खाऊन संपविला, त्यांनी आमचे ग्रंथ जपून ठेवले. आमच्या संतांवर, जातींवर, चळवळींवर तिकडे प्रबंध झाले, आणि त्यांतले कित्येक चांगले आहेत. उलट अमेरिकेचा अभ्यास करण्यासाठी १९६४ साली हैदराबादेस जे केंद्र निघाले, त्यास आधारही अमेरिकेचाच! प्रतिवादीने दिलेल्या वकिलाकडून वादीने आपला दावा लिहून घ्यावा, तसे हे झाले.

अभ्यास नसला म्हणजे त्याची जागा ऐकीव गोष्टी घेतात. गाजरगवताचे उदाहरण घ्या. हे गवत पी. एल. ४८० च्या गव्हाबरोबर आले, असे महाराष्ट्रात शेंबडे पोरही सांगते. पण त्याची पुण्याकडील नोंद मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात १९५६ साली आली, आणि ह्या कायद्याखालचा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. तारखा जुळत नाहीत. त्याआधीच्या, १९५१ च्या कर्जाऊ गव्हाबरोबर ते आले असू शकेल, किंवा अन्य वाटेने. हा तंटा क्षुल्लक नव्हे. ज्या दाव्यातील एक तारीख खोटी ठरते त्यातील खऱ्या तारखांवरही न्यायाधीश अविश्वास दाखवितो, हा आमचा न्यायालयातला रोजचा अनुभव आहे.

आणि प्रसंग तर दाराशी उभे राहतातच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आमच्या पुष्कळशा मालावर एकंदर ५० टक्के जकात बसविली; त्याच महिन्यात आमच्या सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि ती सूट नंतर डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. विदर्भातील शेतकऱ्याचा कापूस घरात यावयाची हीच वेळ. कापड गिरण्यांस स्वस्त कापूस हवा हे खरे. पण ही दोन वृत्ते एकाच महिन्याची असताना त्यांचा संबंध काय, हे तपासण्याची कळकळ किती जणांस वाटली? १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली आणि मुंबईवर कापसाचे सोने बरसले. १८६५ मध्ये ती शमली आणि १ जुलैच्या वायद्यांबरोबर आमच्या पेढ्या कोसळल्या. तेव्हाच्या शेठजींस अमेरिकेतील युद्धाची बातमी जहाजाने उशिरा कळे. आज ती खिशातल्या यंत्रावर तत्क्षणी कळते, पण तिचा अर्थ लावणारा माणूस तेव्हाही नव्हता आणि आताही नाही.

नेरूळमधील कित्येक घरांतील मुले दरसाल अमेरिकेस शिकावयास जातात. त्यांनी यंत्रविद्या व संगणकविद्या शिकावी, धन मिळवावे. आमची हरकत नाही. परंतु शंभरांतील एकाने तरी त्या राष्ट्राचा इतिहास, त्याचा जकातीचा कायदा, त्याच्या करारांची रीत शिकून यावी, आणि त्याचा खर्च वाशीच्या बाजारपेठेतील व्यापारी संघांनी उचलावा. विद्युत मंडळातून निवृत्त झालेले, दाभोळचे कागद हाताळलेले अधिकारी आज वृद्ध झाले आहेत. त्यांच्या मुलाखती मराठीत नोंदवून घेण्याचे काम एखाद्या महाविद्यालयाने ह्याच वर्षी हाती घ्यावे. आणि आंब्याचा हंगाम उजाडण्यापूर्वी निर्यातदारांनी एक वकील व एक कृषिशास्त्रज्ञ नेमून, वाशीच्या केंद्रातील परदेशी अधिकाऱ्याची जबाबदारी कोणत्या कलमाखाली ठरते आणि त्याच्या हातून चूक झाल्यास भरपाई कोणी द्यावयाची, एवढे तरी लेखी मागून घ्यावे.