क्रॅपीचा व्हिडिओ, डिंभ्याचं पाणी

अमेरिकेतले क्रॅपी माशाचे व्हिडिओ बघून डिंभ्यासाठी क्रँकबेट मागणारं गिऱ्हाईक येतं. माशासारखं प्लास्टिकचं आमिष, ताशी अडीच-तीन किलोमीटरने होडीमागे ओढायचं. पुढची पट्टी लांब तेवढं खोल जातं. शिकायला अवघड नाही. पण क्रॅपी छोटे मासे खातो. आपला कटला पाण्यातलं बारीक शेवाळ-किडे खातो, तो प्लास्टिकमागे कशाला धावेल? मरळ धावेल, पण ती उथळ कडेला. शिवाय डिंभ्याच्या पोटात जुनं आंबेगाव आहे, गळ कुठेही अडकेल.

माझं स्पष्ट मत: दुकानदाराने आधी विचारावं, मासा कुठला? तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारलंत का? त्या पाण्यावर आदिवासी कुटुंबांचं पोट आहे. कटल्यासाठी मी पिठाच्या गोळ्याचा साधा गळच देतो. बिल कमी होतं, होऊ दे.