गच्चीवरची वीस मीटर तार

गेल्या रविवारच्या सोसायटी मीटिंगमध्ये माझ्या तारेवर पाऊण तास चर्चा झाली. टँकरच्या बिलावर दहा मिनिटं.

तार म्हणजे साधी तांब्याची तार, वीसेक मीटर लांब. मधोमध तोडायची आणि तिथून केबल खाली माझ्या खोलीत आणायची. हॅम रेडिओचा अँटेना. आक्षेप काय, तर वीज पडेल आणि रेडिएशन होईल. विजेची शंका रास्त आहे. अर्थिंग करीन, ढग दिसले की केबल काढून ठेवीन, असं लिहून दिलं. पण रेडिएशन? माझा सेट 50 वॅटचा, तोही बोलेन तेवढाच वेळ. त्याच गच्चीवर मोबाईल कंपनीचे अँटेना चोवीस तास चालू असतात. त्यांचं भाडं येतं, म्हणून ते कुणाला दिसत नाहीत!

कॉलेजात असताना परीक्षा देऊन परवाना काढला होता. व्हीयू3 ने सुरू होणारं कॉलसाइन मिळालं तेव्हा काय मिरवलो होतो! मग नोकरी, लग्न, पुण्यातला फ्लॅट. सेट माळ्यावर गेला तो गेलाच.

22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं. थोरला भाऊ तिथेच राहतो. दोन दिवस फोन लागला नाही. लाईट गेली की टॉवर बॅटरीवर नाहीतर डिझेलवर चालतो. डिझेल पोचलं नाही की मुका. त्या दोन दिवसांत मला माळ्यावरचा सेट आठवला, आणि खरं सांगतो, लाज वाटली. पण तो चालू असता तरी पलीकडून कोण बोलणार होतं? रेडिओ एकट्याचा नसतोच. दोन्हीकडे कुणीतरी तार बांधून बसलेलं लागतं.

सह्याद्री आडवा येईल म्हणाल, तर तिथेच गंमत आहे. हातातला वॉकीटॉकी डोंगरापलीकडे सहसा पोचत नाही. पण 7 मेगाहर्ट्झवर, तार फार उंच नसली की लहरी सरळ वर जातात आणि वातावरणाच्या वरच्या थरावरून परत खाली येतात. दिवसा दोनतीनशे किलोमीटरचा पट्टा आरामात. रात्री मात्र हाच बँड लांब उडी मारतो आणि जवळचेच ऐकू येत नाहीत, मग 3.5 मेगाहर्ट्झ, आणि तार दुप्पट लांब. (हे मीटिंगमध्ये बोललो नाही. चाळीस मीटर ऐकून अध्यक्षांना घेरी आली असती.)

डिसेंबर 2004 मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला हौसेखातर स्टेशन लावून बसले होते. मुख्य भूमीवर निरोप त्यांनी पोचवले. सेट जोडलेला होता, म्हणून. पूर आल्यावर माळ्यावरून काढून हे जमत नाही.

म्हणून म्हणणं एवढंच. तालुक्यातले परवानाधारक हॅम कोण, ही यादी तहसील कार्यालयात असावी आणि पावसाळ्याआधी एकदा मोबाईल बंद ठेवून तालीम व्हावी. खर्च जवळपास नाहीच. आणि सोसायट्यांनी तारेला हो म्हणावं.

तूर्तास तार बाल्कनीत वाकडीतिकडी बांधलीय. पहिल्या दिवशी नुसती खरखर. मेन स्विच बंद करून बॅटरीवर ऐकलं तर आवाज निम्मा झाला. चोर निघाला देवघरातली एलईडी माळ. उरलेली खरखर शेजारच्या काकांकडून येतेय बहुतेक. त्यांना कसं सांगावं, कळत नाही. मीटिंगमध्ये माझ्या बाजूने तेच एकटे बोलले होते.