सत्तरी ओलांडलेली ल्युसी

मैत्रिणींनो, "घरातल्या सगळ्यांना एकत्र बसून पाहता येईल असं काहीतरी सांगा ना," असं तुमच्यापैकी पुष्कळजणी म्हणता. आज अशाच एका मालिकेविषयी सांगते. मात्र आधीच सांगून ठेवते, ती अमेरिकन आहे, काळी-पांढरी आहे आणि तिचा पहिला भाग १५ ऑक्टोबर १९५१ रोजी दाखवला गेला. नाव 'आय लव्ह ल्युसी'. एवढी जुनी वस्तू आता कोण पाहतं, असं वाटेल. पण तिचे चाहते अजून आहेत, आणि ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता असेही पुष्कळ आहेत. मीही त्यांतलीच.

कथा अगदी घरगुती. न्यूयॉर्कमधलं भाड्याचं घर. नवरा रिकी मूळचा क्युबाचा, वाद्यवृंद चालवणारा. बायको ल्युसी गृहिणी. शेजारी, म्हणजे घरमालकच, फ्रेड आणि एथेल. ल्युसीला रंगमंचावर जायचं असतं, नवऱ्याला ते नको असतं. मग ती काहीतरी खटपट करते आणि सगळा घोटाळा होतो.

१९५२ सालचा एक भाग तर तुम्ही पाहाच. खर्चावरून वाजतं आणि पैज लागते: बायकांनी नोकरी करायची, पुरुषांनी घर सांभाळायचं. ल्युसी आणि एथेल चॉकलेटच्या कारखान्यात लागतात. सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेटं येतात, ती कागदात गुंडाळायची. पट्ट्याचा वेग वाढतो. या दोघी आधी तोंडात कोंबतात, मग टोपीत, मग झग्यात! इकडे घरी भात उतू जाऊन ओट्यावरून जमिनीवर आणि कुकरमधली कोंबडी उडून छताला. तांदूळ फुगून तिप्पट होतो हे त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आमच्या सासूबाईंना इंग्रजी येत नाही. पण तो भात पाहून त्या इतक्या हसल्या की डोळ्याला पदर लावावा लागला. "आमच्या ह्यांना दाखवायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या.

आता गंमत ऐका. त्या काळी तिकडचे बरेच कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट दाखवले जात. देशाच्या दुसऱ्या टोकाला मिळे ती टीव्हीच्या पडद्यावरूनच चित्रित केलेली, धुरकट प्रत. प्रायोजकांना हेही तसंच हवं होतं. पण ल्युसीचं काम करणारी ल्युसिल बॉल आणि रिकी झालेला तिचा खराखुरा नवरा देसी अर्नाझ यांना हॉलीवूड सोडायचं नव्हतं. त्यांनी ठरवलं, सिनेमासारखी फिल्म वापरायची, तीन कॅमेरे एकदम लावायचे आणि समोर प्रेक्षक बसवायचे. छायाचित्रणाला कार्ल फ्रॉइंड, 'मेट्रोपोलिस' या गाजलेल्या मूकपटाचे छायाचित्रकार. खर्च वाढला. तेव्हा दोघांनी पगारात कपात पत्करली आणि बदल्यात फिल्मची मालकी मागून घेतली. एकदा दाखवून झालेल्या भागाला पुन्हा किंमत येईल असं तेव्हा फारसं कुणाला वाटत नव्हतं, म्हणून ती सहज मिळालीही.

आज आपण ल्युसी स्वच्छ पाहू शकतो ती या सौद्यामुळे. नाहीतर काय होतं पाहा. जॉनी कार्सनच्या प्रसिद्ध 'टुनाइट शो'च्या पहिल्या दहा वर्षांतल्या बहुतेक टेपा पुसून त्यांवर दुसरं मुद्रण केलं गेलं. ते हसू गेलं ते गेलंच. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना हा सौदा चटकन कळेल. हातात येणारे चार पैसे कमी झाले तरी कागद आपल्या नावावर असावा, हे बाईनं पाहायलाच हवं. (तुमच्या घराच्या कागदावर कुणाचं नाव आहे? सहज विचारते हं.)

मालिका चालू असताना ल्युसिल गरोदर राहिली. आता काय करायचं? लिहिणाऱ्यांनी ते कथेतच आणलं. पण 'गरोदर' हा शब्द उच्चारायला वाहिनीची बंदी! आपण नाही का 'दिवस गेलेत', 'गोड बातमी आहे' म्हणत, तसंच आडवळणानं बोलायचं. वर संहिता कॅथलिक पाद्री, प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक आणि ज्यू रब्बी अशा तिघांनी तपासायच्या. १९ जानेवारी १९५३ रोजी मालिकेत मुलगा झाला आणि त्याच दिवशी ल्युसिललाही सिझेरियन होऊन मुलगाच झाला. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्याच दिवशी झालेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीलाही एवढे प्रेक्षक नव्हते.

सगळंच गोड आहे असं मात्र नाही. काही भागांत रिकी ल्युसीला लहान मुलासारखं आडवं घेऊन फटके देतो आणि प्रेक्षक हसतात. मला तिथे हसू येत नाही. "जुना काळ किती साधा होता," असं म्हणणाऱ्या चाहत्यांचं मला त्या वेळी नवल वाटतं. साधा कुणासाठी? शिवाय पडद्यावरची ल्युसी दर आठवड्याला नोकरीचा नाद सोडून स्वयंपाकघरात परत येते. पण ती रंगवणारी बाई? १९६० मध्ये घटस्फोट झाला, १९६२ मध्ये तिनं नवऱ्याचा हिस्सा विकत घेतला आणि 'देसिलू' हा अख्खा स्टुडिओ १९६७ पर्यंत स्वतः चालवला. 'स्टार ट्रेक' तिथलंच. पडद्यावरची हसरी गृहिणी आणि कचेरीतली मालकीण एकच, हे लक्षात ठेवून पाहिलं की तो चॉकलेटचा पट्टा मला वेगळाच दिसतो. नोकरी आणि घर, दोन्हींचा वेग कुणीतरी वाढवत असतंच की! मी अर्धवेळ शिकवते, मला विचारा.

चाहत्यांची माया कधी कधी फार कडक असते. सीबीएसने २०१३ च्या नाताळात काही भाग रंगवून दाखवले, तेव्हा काहीजण हरखले, तर काहींना मूळ काळं-पांढरंच हवं होतं. ल्युसिल वाढली त्या न्यूयॉर्क राज्यातल्या सेलोरॉन गावात २००९ साली तिचा पुतळा उभारला. तो इतका भेसूर वाटला की लोकांनी त्याला 'भीतिदायक ल्युसी' असं नावच ठेवलं आणि बदला म्हणून धोशा लावला. शेवटी ६ ऑगस्ट २०१६ रोजी, तिच्या वाढदिवशी, नवा सुबक पुतळा बसला. जुनाही टाकून दिला नाही, तोही बागेतच ठेवला आहे. पाहुणे दोन्हींपाशी फोटो काढतात म्हणे, आणि गर्दी त्या भेसूर बाईपाशीही असते.